आधी जिना, मग खांब

प्रेषक: बंडू (सहल समिती)
विषय: शनिवारची सहल – क्लेबोर्न काउंटी

मंडळी, नमस्कार.

फराळाच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत एक सहल उरकू या. या वेळी समुद्र नको, कसिनो नको. आपल्या मिसिसिपीतच, जॅक्सनहून नॅचेझ ट्रेस या राष्ट्रीय उद्यान-रस्त्याने खाली पोर्ट गिब्सन, अंतर साधारण ६० मैल. ट्रेसवर ट्रक नाहीत, सिग्नल नाहीत, पण वेगमर्यादा ५० आहे आणि तिथले रेंजर पावती फाडण्यात हयगय करत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

बेत असा: आधी विंडसर या जळून गेलेल्या जुन्या हवेलीचे उरलेले खांब, तिथे ग्रुप फोटो. मग पोर्ट गिब्सनचं चर्च स्ट्रीट, जेवण, परत. क्लेबोर्न काउंटीत माणसं नऊ हजारांच्या आसपास, पण राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत चढलेल्या जागा बघाल तर थक्क व्हाल. जुनी घरं, अख्खे रस्ते, रणांगण, टेकाडं, दफनभूमी, सगळं आहे. मी ग्रँड गल्फच्या अणुवीज केंद्रावर आउटेजच्या (केंद्र बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या) कामाला दोन वेळा जाऊन राहिलो आणि दोन्ही वेळा फक्त हॉटेल ते गेट एवढंच पाहिलं. आता पश्चात्ताप.

प्रश्न एकच. सरकारी यादीत आहे म्हणजे तिकीट असेल ना? आणि रखवालदार वगैरे? ज्याला माहीत असेल त्याने सांगावं.

बंडू

---

प्रेषक: आबा
विषय: उत्तर: शनिवारची सहल – क्लेबोर्न काउंटी

बंडू, तिकीट नाही. रखवालदाराच्या भरवशावर राहू नकोस.

तुझ्या डोक्यात आपला पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे. ‘हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे आहे, नासधूस करणारास शिक्षा होईल’ असला. इथलं प्रकरण वेगळं. १९६६ च्या कायद्याने ही नोंदवही झाली. साधारण पन्नास वर्षं जुनी वास्तू हवी, आणि तिचं महत्त्व दाखवता आलं पाहिजे: घडलेली घटना, राहून गेलेलं माणूस, बांधणी, किंवा जमिनीखाली दडलेली माहिती. घरमालकाने हरकत घेतली तर खासगी घर यादीत चढत नाही. आणि चढलं तरी मालक स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जागेवर उद्या बुलडोझर फिरवू शकतो. नोंदवही त्याचा हात धरत नाही. हात धरते ती फक्त केंद्र सरकारचा. केंद्राच्या पैशाने किंवा परवान्याने रस्ता, पूल काही होणार असेल तर आधी या वास्तूचं काय होईल याचा विचार करावा लागतो. शिवाय दुकान किंवा भाड्याचं घर असेल तर दुरुस्तीच्या खर्चावर २० टक्के करसवलत मिळू शकते. गल्लीत खरं बळ या सवलतीचं आणि गावाच्या स्वतःच्या नियमांचं.

आमच्या शनिवार पेठेत उलटं. शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, म्हणून आमचा वाडा ना पाडता येत, ना धड बांधता येत. पावसाळ्यात काकू अजून जिन्यात पातेली मांडते. त्यामुळे इथला कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आधी हेवा वाटला, मग जरा भीती.

विंडसर मात्र सुरक्षित आहे. मूळ कुटुंबाच्या वारसांनी १९७४ साली जागा राज्याला दिली, आणि राज्याची स्वतःची ‘मिसिसिपी लँडमार्क’ ही पायरी नोंदवहीपेक्षा कडक आहे. अलीकडे खांबांची डागडुजीही झाली.

शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळला, विंडसर १८९० च्या. आपला दगडी जोतं आणि तटबंदी ठेवून गेला, यांचं घर तेवीस खांब ठेवून गेलं. कोणा पाहुण्याने वरच्या मजल्यावर जळती सिगार टाकली असं सांगतात. खांब विटांचे, वरून गिलावा, माथ्यावर ओतीव लोखंडाची पानंफुलं. जवळ जाऊन गिलावा उडालेल्या जागी विटा बघा. मी चाळीस वर्षं बांधकामात घालवली, पण एवढ्या उंचीच्या गोल खांबाला वीट कापून बसवणाऱ्या हाताला सलाम.

आबा

---

प्रेषक: ताई
विषय: उत्तर: शनिवारची सहल – क्लेबोर्न काउंटी

आबा, सलाम नेमका कोणाच्या हाताला, तेही लिहा ना.

त्या विटा रस्त्यापलीकडच्या भट्टीत भाजल्या आणि बांधकामाची अंगमेहनत गुलामांनी केली. मालक स्मिथ कॉफी डॅनियल. मिसिसिपी आणि लुइझियाना मिळून एकवीस हजार एकरांच्या आसपास जमीन. घर १८५९ मध्ये सुरू झालं, १८६१ मध्ये पुरं झालं आणि काही आठवड्यांत हा चौतिसाव्या वर्षी गेला. फलकावर त्याचं नाव आहे. विटा पाडणाऱ्यांचं नाही. बंडू, ग्रुप फोटोला माझा विरोध नाही, पण बाकीचं काहीही न सांगता मुलांना त्या खांबांपुढे ‘चीज’ म्हणायला लावायचं असेल तर मी आणि माझी मुलगी घरी बरी.

मी इथल्या शाळेत शिकवते. दर वर्षी कोणीतरी मूल विचारतं, ‘मिस, ते सिनेमातलं घर का?’

ताई

---

प्रेषक: बंडू
विषय: उत्तर: शनिवारची सहल – क्लेबोर्न काउंटी

ताई, रागावू नका. मग विंडसर गाळू का? पोर्ट गिब्सनमध्येही बघण्यासारखं पुष्कळ आहे. प्रेस्बिटेरियन चर्चच्या कळसावर क्रूसाऐवजी आभाळाकडे बोट दाखवणारा सोनेरी हात आहे. पहिला हात लाकडी होता, तो सुतार पक्ष्यांनी पोखरून खाल्ला, मग धातूचा बसवला. आत ‘रॉबर्ट ई. ली’ या आगबोटीवरची झुंबरं. गावात शिरताना पाटी आहे की यादवी युद्धातल्या उत्तरेच्या फौजेच्या जनरल ग्रँटला हे गाव जाळवलं नाही, इतकं देखणं. आता ग्रँट खरंच तसं म्हणाला का, देव जाणे. आपल्याकडेही प्रत्येक गडाच्या पायथ्याशी महाराज एकदा तरी जेवलेले असतातच.

बंडू

---

प्रेषक: ताई
विषय: उत्तर: शनिवारची सहल – क्लेबोर्न काउंटी

गाळू नकोस रे. क्रम बदल.

विंडसरहून थोडं पुढे आल्कॉर्न विद्यापीठ आहे. १८३० मध्ये तिथे गोऱ्या मुलांचं ओकलंड कॉलेज निघालं. यादवी युद्धात ते बंद पडलं, आणि १८७१ मध्ये राज्याने तीच जागा विकत घेऊन कृष्णवर्णीयांसाठी कॉलेज काढलं. पहिले अध्यक्ष हायराम रेव्हेल्स, अमेरिकेच्या सिनेटमधले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. नागरी हक्कांच्या चळवळीतला नेता मेडगर एव्हर्स तिथेच शिकला. जुन्या कॉलेजची १८३८ ची चॅपल अजून उभी आहे आणि तिला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्कचा दर्जा आहे, म्हणजे साध्या नोंदीच्या वरची पायरी.

आता खरी गंमत. त्या चॅपलला पुढून वर जायचा जो लोखंडी जिना आहे तो विंडसरचा. आगीतून वाचलेला, उचलून इथे आणून बसवलेला. ज्या घराच्या विटा गुलामांनी भाजल्या त्या घराच्या पायऱ्या चढून त्यांच्याच समाजातली पोरं शिकायला गेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आधी खांब पाहिले होते, त्यामुळे जिना म्हणजे ‘उरलेला तुकडा’ वाटला. मुलांनी आधी जिना चढावा. मग विंडसरला जाऊन हा कुठून आला ते बघावं. कागदावर दोन्ही नोंदी वेगवेगळ्या फायलींत आहेत. सांधा आपल्यालाच जुळवावा लागतो.

पोर्ट गिब्सनचंही तसंच. मार्केट स्ट्रीट हा ऐतिहासिक परिसर म्हणून नोंदलेला आहे. दुकानांचे जुने दर्शनी भाग सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. पण १ एप्रिल १९६६ ला गावातल्या कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला तो इथेच. दुकानदार कोर्टात गेले, खालच्या कोर्टाने साडेबारा लाख डॉलरची भरपाई ठोकली, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून सांगितलं की शांततेने केलेला असा बहिष्कार हा घटनेने दिलेला अधिकार आहे. ‘क्लेबोर्न हार्डवेअर’ खटला म्हणून कायद्याची मुलं तो अजून घोकतात. विदेशी कापडाच्या होळीच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ताई

---

प्रेषक: आबा
विषय: उत्तर: शनिवारची सहल – क्लेबोर्न काउंटी

ताई, पटलं. सलामाचं वाक्य मी अर्धंच लिहिलं होतं.

दोन जागा माझ्याकडून जोडा. एक, चर्च स्ट्रीटवरचं सिनगॉग, १८९१-९२ चं. गोल घुमट, मूरिश कमानी, त्या रस्त्यावर एकदम वेगळंच. राज्यात उभं असलेलं हे सर्वांत जुनं सिनगॉग. ज्यू कुटुंबं एकेक करून गाव सोडून गेली, १९८६ मध्ये मंडळी विसर्जित झाली, आणि वास्तू पाडून शेजारच्या पेट्रोल पंपाला जागा करायचं चाललं होतं. गावातल्या एका ज्यू नसलेल्या जोडप्याने ती विकत घेऊन वाचवली. परिसर तेव्हा यादीत होताच! यादीने वाचवलं नाही, शेजाऱ्याने वाचवलं. आमच्या वाड्याला असा शेजारी मिळाला तर कळवा.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. विंडसर जळलं तेव्हा घराचे नकाशे, चित्रं सगळं गेलं. घर दिसायचं कसं हे शंभर वर्षं कोणाला धड माहीत नव्हतं. मग १९९१ मध्ये ओहायोत कागदपत्रांत एक रेखाटन सापडलं. मे १८६३ मध्ये, पोर्ट गिब्सनच्या लढाईनंतर तिथे तळ टाकलेल्या ग्रँटच्या फौजेतल्या हेन्री ड्वाइट नावाच्या सैनिकाने वहीत काढलेलं. शत्रूच्या बाजूच्या माणसाने घराचं एकमेव चित्र ठेवलं. तेव्हा बंडू, फोटोच्या आधी मुलांना कागद-पेन्सिल दे. अर्धा तास गप्प बसतील, हा जादा फायदा.

आबा

---

प्रेषक: बंडू (सहल समिती)
विषय: सुधारित बेत – सर्वांनी वाचावे

मंडळी,

क्रम ठरला: आल्कॉर्नची चॅपल, मग विंडसर, मग पोर्ट गिब्सन. निघायचं सकाळी साडेसात, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेआठ. विद्यापीठाच्या आवारात गट घेऊन जायचंय म्हणून ताई आधी फोन करून विचारतील. शनिवारी फुटबॉलची मॅच असली तर बेत रविवारवर. विंडसरला स्वच्छतागृह धरून चालू नका, आल्कॉर्नलाच उरकून घ्या. झाडीत डास आणि गोचीड दोन्ही, पायमोजे लांब घाला. खांबांना कुंपण आहे, मुलांनी (आणि मुलांच्या बाबांनी) ओलांडू नये.

पातोड्या आणि दशम्या आमच्याकडून. ताक कोण आणतंय?

वाटेत ग्रँड गल्फला दहा मिनिटं थांबू. एकेकाळचं कापसाचं मोठं बंदर. बरंचसं गाव नदीने गिळलं, उरलेलं युद्धात जळलं. आता मागे शीतकरणाचा मनोरा दिसतो, तो माझा.

बंडू

---

प्रेषक: आबा
विषय: उत्तर: सुधारित बेत – सर्वांनी वाचावे

ताक मी आणतो. ताई, फोन करशील तेव्हा एक विचार: त्या जिन्याला पायऱ्या किती आणि दोन्ही बाजूंना कठडा आहे का. चढायचा तर आहेच, फक्त गुडघ्याचा पट्टा बरोबर घ्यायचा की नाही ते ठरवतो.

आबा