मदत हवी आहे: एअर रायफलचे शॉट शेवटी शेवटी खाली जातात, सगळे सील बदलू का?

कळवा_पूर्व
नमस्कार. मुलगी नववीत आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. गेले काही आठवडे पहिल्या तीन सिरीज (दहा-दहा शॉटच्या) उत्तम जातात, नंतर शॉट खाली सरकतात. घड्याळाच्या सहाच्या दिशेला, म्हणजे सरळ खाली, नऊ गुण, मधूनच आठ. कोच म्हणतात पोझिशन ढिली पडते. दुरुस्तीवाला म्हणतो सगळे सील आणि रेग्युलेटरचं कीट बदलू, बारा हजार. स्पर्धा जवळ आली आहे, मला आज-उद्यात ठरवायचं आहे. बदलू की नको? ज्यांना खरोखर माहीत आहे त्यांनीच सांगा.

दहा_पॉइंट_नऊ
कोणती रायफल? स्प्रिंगची की पीसीपी, म्हणजे सिलेंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेची? सिलेंडरचं गेज सुरुवातीला किती आणि संपताना किती? रोज होतं की कधी कधी? एवढं कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगेल आणि तुम्ही बारा हजार घालवाल.

घोडबंदरकर
माझा अनुभव सांगतो. मुलाच्या बाबतीत हेच झालं होतं, कारण निघालं जॅकेट. मुलं वाढतात, जॅकेट घट्ट होतं, श्वास पुरत नाही, रायफल खाली येते. आधी जॅकेटची बटणं बघा.

कळवा_पूर्व
जॅकेट याच वर्षी घेतलं आहे. रायफल पीसीपी आहे, जर्मन, सेकंड हँड. हवेचं सिलेंडर लावायचं म्हटल्यावर पीसीपीच असणार ना. गेज हिरव्यात असतं. रोज होत नाही, कधी कधी होतं.

फौजी_कोपरखैरणे
जय हिंद. आमच्या काळात ईशापूरची ७.६२ एसएलआर होती. तिला गॅस रेग्युलेटर असायचा. काजळी धरली की बोल्ट (गोळी आत-बाहेर करणारा सरकता भाग) अर्धवट मागे यायचा, खोकं (रिकामं काडतूस) बाहेर पडायचं नाही, पुढची गोळी चढायची नाही. मग रेग्युलेटर फिरवून गॅस वाढवायचा, की गाडी परत सुरू. तुमच्या रायफलीलाही रेग्युलेटर आहे म्हणताय, तर बदलायचा कशाला? साफ करा आणि एक-दोन घरं फिरवा. सेवेत कोणी कीट बदलत बसत नाही.

मेकॅनिकल_ऐरोली
काका, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून सांगतो, कृपया यांना रेग्युलेटर फिरवायला सांगू नका. नाव एक असलं तरी काम वेगळं आहे. एसएलआरमध्ये काडतुसातली दारू जळते, गोळी नळीतून पुढे निघते, आणि ती नळीवरच्या बारीक भोकापलीकडे गेली की मागचा थोडा गॅस त्या भोकातून वर पिस्टनवर येतो. पिस्टन मागे झटका देतो, बोल्ट उघडतो, रिकामं खोकं फेकलं जातं, परतताना पुढची गोळी भरली जाते. तुमचा रेग्युलेटर त्यातला जादा गॅस बाहेर सोडायचा. फिरवून छिद्र लहान केलं की बाहेर जाणारा गॅस कमी, पिस्टनवरचा जास्त. पण हे सगळं पुढच्या गोळीसाठी. सुटलेल्या गोळीच्या वेगावर त्याचा परिणाम नगण्य.

एअर रायफलमध्ये रेग्युलेटर गोळीच्या आधी बसतो. सिलेंडरमध्ये २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं एकक) हवा असते. ती थेट छर्ऱ्यामागे सोडली तर प्रत्येक शॉटला दाब वेगळा, वेगही वेगळा. म्हणून रेग्युलेटर ती मॉडेलप्रमाणे साधारण ६० ते ८० बारवर उतरवून एका छोट्या कप्प्यात साठवतो. ट्रिगर दाबला की हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि तेवढीच मोजकी हवा छर्ऱ्याला ढकलते. इथे स्क्रू फिरवला तर वेगच बदलतो, आणि क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) नसताना तो परत जागेवर आणणं अवघड.

फौजी_कोपरखैरणे
बरोबर आहे तुमचं. आमच्यात प्रत्येक गोळी आपला गॅस स्वतः घेऊन येते, यांच्यात एकाच बाटलीतून सगळं. तरीसुद्धा साफसफाईचा मुद्दा मी सोडणार नाही.

नेरुळची_ताई
विषय निघालाच आहे तर विचारते. परदेशात शिकारीला, स्पर्धेला सेमी-ऑटोमॅटिक रायफली वापरतात, त्या सगळ्या अशाच पिस्टनवर चालतात का? मुलाला मेकॅनिझमवर सेमिनार द्यायचा आहे.

मेकॅनिकल_ऐरोली
सगळ्या नाही. ब्राउनिंगची बीएआर ही शिकारीची रायफल १९६७ मध्ये आली, ती पिस्टनवर चालते. एआर-१५ मध्ये भोकातला गॅस एका बारीक नळीने थेट मागे बोल्ट कॅरियरमध्ये (बोल्ट ज्यात बसतो त्या भागात) येतो, आणि कॅरियर व बोल्ट मिळूनच सिलेंडर-पिस्टनचं काम करतात. वजन कमी होतं, पण काजळी आत येऊन साचते. गॅस नळीत थेट आणायची अशीच पद्धत स्वीडनच्या १९४२ च्या ल्युंगमान रायफलीतही होती. आणि .२२ च्या सेमी-ऑटोमध्ये, उदाहरणार्थ रुगर १०/२२, गॅसचं भोकच नसतं. काडतूस इतकं हलकं की खोकंच मागे ढकलून बोल्ट उघडतं, बोल्टचं वजन आणि स्प्रिंग त्याला पुरेसा वेळ रोखून धरतात.

सेमिनारमध्ये एक गोष्ट नक्की मांडायला सांगा: भोक नळीवर कुठे पाडलं आहे. चेंबरजवळ (काडतूस बसतं त्या जागेजवळ) पाडलं तर गॅस जास्त दाबाचा आणि लवकर मिळतो, बोल्ट झटक्याने उघडतो, खोकं अजून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटलेलं असताना ओढलं जातं. फार पुढे पाडलं तर गोळी नळीबाहेर पडते आणि दाबच उरत नाही, पिस्टनला ढकलायला वेळ मिळत नाही. बाकी पिस्टन लांब की आखूड हा नंतरचा प्रश्न. खरी कसरत या वेळेची आहे.

कळवा_पूर्व
सेमिनारचा वेगळा धागा काढा, विनंती आहे. मी सील बदलू की नको हे विचारलं आहे.

वाशी_सेक्टर_१७
सील-बिल काही नाही. घरी हँडपंप घ्या, रोज स्वतः भरा, प्रश्न मिटला. मी तेच करतो. कोणाच्या टाकीवर अवलंबून राहायचं नाही.

दहा_पॉइंट_नऊ
हँडपंपाला माझा ठाम विरोध आहे. ठाण्याच्या पावसाळ्यातली हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि सिलेंडरमध्ये जातं. तिथून रेग्युलेटरमध्ये. आत गंज धरला, व्हॉल्व्हची बैठक खराब झाली की मग खरोखर कीट बदलावं लागतं.

वाशी_सेक्टर_१७
माझ्या पंपाला सिलिका जेलचा फिल्टर आहे. दाणे रंग बदलले की बदलतो. इतकी वर्षं काही झालेलं नाही. चांगल्या पंपाला नावं ठेवू नका.

दहा_पॉइंट_नऊ
तुम्ही दाणे बदलता म्हणून टिकलं. नववीतल्या मुलीने शाळा-क्लास करून आल्यावर २०० बारपर्यंत पंप मारायचा आणि मग त्याच खांद्यांनी सराव करायचा? असो.

कळवा_पूर्व, दोन प्रश्नांची उत्तरं अजून आली नाहीत. हिरवं म्हणजे नेमका आकडा किती? आणि सिलेंडर भरता कुठे?

कळवा_पूर्व
आकडा आजवर बघितला नव्हता, हिरवं असलं की झालं असं सांगितलं होतं. आज मुद्दाम बघितलं. सुरुवातीला ११० च्या आसपास, सायटर (सुरुवातीचे सरावाचे शॉट) आणि ६० शॉट झाल्यावर साठच्या जवळ. भरतो क्लबच्या मोठ्या टाकीवरून, सगळी मुलं तिथेच भरतात.

दहा_पॉइंट_नऊ
आज गुरुवार. क्लबची टाकी भरून कोणत्या वारी येते?

कळवा_पूर्व
शनिवारी सकाळी. त्याचा काय संबंध?

दहा_पॉइंट_नऊ
सगळा संबंध तिथेच आहे. दोन हंडे खालून नळीने जोडले की पाणी दोन्हीकडे एका पातळीला येऊन थांबतं. हवेचंही तसंच. क्लबच्या टाकीत १२० बार उरली असेल तर तुमच्या सिलेंडरला १२० च्या वर एक बारही मिळणार नाही, कितीही वेळ लावून ठेवा. शनिवारी टाकी भरलेली, पहिल्यांदा भरणाऱ्या मुलाला २०० मिळतात. आठवडाभर सगळ्यांनी भरल्यावर गुरुवारी येणाऱ्याला उरलंसुरलं. मुलीच्या डायरीत वारानुसार स्कोअर असतीलच. शनिवार-रविवारचे शेवटचे वीस शॉट आणि बुधवार-गुरुवारचे शेवटचे वीस शॉट शेजारी ठेवून बघा.

६० हा आकडा रेग्युलेटर ज्या दाबावर लावलेला असतो त्याच्या आसपास किंवा खाली आहे. तिथे पोहोचलं की रेग्युलेटरला उतरवायला काही उरत नाही, बाटलीत असेल तेवढाच दाब पुढे जातो आणि प्रत्येक शॉटला थोडा थोडा घटतो.

मेकॅनिकल_ऐरोली
आकड्यांत मांडतो. वेग साधारण १७० मीटर प्रति सेकंद धरू. १० मीटर जायला ०.०५९ सेकंद, तेवढ्यात छर्रा सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. ते डायऑप्टरच्या (नेम धरायच्या मागच्या साइटच्या) क्लिकमध्ये आधीच धरलेलं असतं. वेग १६० झाला तर तो १९ च्या थोडा वर खाली येतो. फरक दोन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. एअर रायफलच्या टार्गेटवर एक रिंग अडीच मिलिमीटरची, मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. म्हणजे वेगात १० मीटरची घट झाली की जवळजवळ पूर्ण एक गुण गेला, मुलीने काहीही न चुकता.

पण याचा दुसरा अर्थही बघा. फक्त दाबामुळे आठचा शॉट सातत्याने यायला वेग याहून बराच पडावा लागेल, तेव्हा आवाजही बदललेला जाणवेल. त्यामुळे नऊ हे हवेचे असतील, पण मधूनच येणारे आठ पोझिशनचे असू शकतात. कोच पूर्ण चुकीचे नाहीत.

घोडबंदरकर
म्हणजे जॅकेट बघायला हरकत नाही.

कळवा_पूर्व
डायरी बघितली. शनिवार-रविवारी शेवटच्या दोन सिरीज पहिल्या सिरीजइतक्याच आहेत. बुधवार-गुरुवारी पडतात. मग सील ठीक आहेत असं समजू?

दहा_पॉइंट_नऊ
समजू नका, तपासा. सिलेंडर भरल्यावर थंड होऊ द्या, कारण घाईने भरलं की हवा तापते आणि गेज खोटं वर दाखवतं. मग आकडा लिहून ठेवा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी बघा. तसाच राहिला तर गळती नाही. उतरला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघा. नंतर दीडशेच्या वर हवा असताना कोणाला तरी क्रोनोग्राफवर दहा-पंधरा शॉट मोजून द्यायला सांगा. वेग एकसारखा आला तर रेग्युलेटर उत्तम आहे, दुरुस्तीवाल्याला नमस्कार सांगा. पहिला शॉट थोड्या विश्रांतीनंतर दर वेळी जास्त वेगाने जात असेल, तर मात्र रेग्युलेटर हळूहळू दाब आत गळू देतोय, त्याची सर्व्हिस लागेल.

आणि क्लबला सांगा टाकी आठवड्यात दोनदा भरून आणा, किंवा दोन टाक्या ठेवा. आधी कमी दाबाच्या टाकीवरून भरायचं, मग उरलेलं भरलेल्या टाकीवरून. भरलेली टाकी जास्त दिवस पुरते.

तळोजा_फेज_२
आमच्या वर्कशॉपमध्ये ऑक्सिजनची बाटली कायम असते, दाबही भरपूर. त्यावरून भरता येईल का? मीही मुलासाठी असंच बघतोय.

मेकॅनिकल_ऐरोली
कधीही नाही. ऑक्सिजन कधीही नाही. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा एक थेंब एकत्र आला तर स्फोट होतो, आणि तुमच्या मुलाचा गाल त्या सिलेंडरपासून हातभर अंतरावर असतो. फक्त कोरडी, शुद्ध, श्वासोच्छ्वासाच्या दर्जाची हवा. अग्निशमन साहित्यवाले बीए सेटच्या (धुरात श्वास घ्यायच्या उपकरणाच्या) बाटल्या भरतात, रबाळे-महापे पट्ट्यात चौकशी केली तर भरून देणारे सापडतील. त्यांच्या बाटल्या ३०० बारच्या असतात, तुमचं सिलेंडर २०० चं असेल तर २०० ला थांबायचं.

नेरुळची_ताई
अशा रायफलीला लायसन्स लागतं का? सोसायटीत एक जण विचारत होते.

दहा_पॉइंट_नऊ
४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे लागत नाही. मॅचची एअर रायफल आठ ज्यूलच्याही आत असते. बिल मात्र बरोबर ठेवा, लोकलमध्ये केस बघून विचारतात.

कळवा_पूर्व
रात्रभर ठेवलं, आकडा हलला नाही. शनिवारी क्रोनोग्राफ मिळतोय. सील बदलत नाही सध्या. क्लबशी टाकीबद्दल बोललो, पालकांनी वर्गणी काढायची तयारी दाखवली आहे. शेवटचा प्रश्न: सिलेंडर पुसताना त्यावर कोरलेलं वर्ष दिसलं, २०१२. सेकंड हँड घेतलं तेव्हाचंच आहे. याने काही फरक पडतो का?

दहा_पॉइंट_नऊ
पडतो, सगळ्यात जास्त याच गोष्टीने पडतो. या जर्मन कंपन्या सिलेंडरला बनवल्यापासून दहा वर्षांची मुदत देतात. तुमची उलटून गेली आहे. मुदत संपलेलं सिलेंडर न वापरण्याची जबाबदारी नियमाने खेळाडूची असते, तपासणीला अडवलं तर स्पर्धाच जाईल. ते कारण बाजूला ठेवलं तरी, २०० बार धरणारा जुना ॲल्युमिनियम मुलीच्या तोंडाजवळ नको. आज भरू नका. हवा सावकाश सोडून द्या, बारा हजार सिलेंडरला वापरा, आणि नवीन येईपर्यंत क्लबमध्ये त्याच मेकचं कोणाचं जास्तीचं आहे का विचारा. आटे जुळतात याची खात्री करूनच लावा.

कळवा_पूर्व
विचारतो. रायफलीच्या मेकचा फोटो टाकतोय, ज्यांच्याकडे तसंच सिलेंडर असेल त्यांनी कृपया व्यनि करा. ठाणे ते पनवेल कुठेही येऊन घेऊन जाईन.