लिव्हर ट्रान्सप्लांटनंतरचं स्टेनोसिस (आर्टरी आवळणं) : सरसकट स्टेंट कशाला?

गाईडवायर: ‘हेपॅटिक आर्टरी (यकृताची धमनी) आवळली की थेट स्टेंट (आत कायमची बसवायची जाळीची नळी), नुसता बलून (फुगवून आर्टरी रुंद करणं) म्हणजे अर्धवट काम’ ही कालची पोस्ट साफ चुकीची आहे. आपल्याकडे बहुतेक ट्रान्सप्लांट जिवंत दात्याचे. दात्याची आणि पेशंटची आर्टरी जिथे शिवतात, त्या जोडाजवळ ती जेमतेम २-३ मिमी. एवढ्याशा नळीत स्टेंट बंद पडला तर सर्जनला पुन्हा जोडायला धड टोकही मिळत नाही. ०.०१४ इंची वायर, शेजारच्या निरोगी भागाच्या मापाचा कोरोनरी बलून, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, स्पाझम (आर्टरीचं आकुंचन) आला तर ती सैल करायला नायट्रोग्लिसरीन. एवढं करूनही आर्टरी पुन्हा मिटली किंवा डिसेक्शन झालं (आतला थर फाटला), तरच स्टेंट.

कॅथलॅब: पोस्ट माझीच आहे. बलून काढताच जोड परत आवळतो, त्याचं काय? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच करायचं? तोवर रक्ताविना पित्तनलिका मरतात. ट्रान्सप्लांटमध्ये आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात, नलिकांना रक्त देणारी ही एकच आर्टरी उरते.

डॉप्लर: आधी निदान तरी नीट करा! सोनोग्राफीत आरआय (रेझिस्टिव्ह इंडेक्स, प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) ०.५ च्या खाली दिसला की पेशंट थेट टेबलावर? सिस्टोलिक अ‍ॅक्सिलरेशन टाइम (ठोक्यानंतर रक्ताचा वेग शिखरावर पोचायला लागणारा वेळ) ०.०८ सेकंदांच्या वर आहे का, हे बघायला नको? अँगल (ध्वनिलहर आणि रक्तप्रवाह यांतला कोन) ६० अंशांच्या पुढे ठेवून मोजलेल्या वेलॉसिटीला काही अर्थ नाही. सिलिअ‍ॅक आर्टरीच (जिच्यातून हेपॅटिक आर्टरी निघते ती) डायफ्रॅमच्या लिगामेंटखाली दबली असेल तरी आत हीच मंद लाट दिसते, मग जोडावर बलून फुगवून काय मिळणार? आधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करा.

कॅथलॅब: सीटीशिवाय कोण जातं? उगाच आरोप नकोत.

डॉप्लर: रिपोर्टमध्ये नुसतं ‘फ्लो आहे’ लिहून मोकळे होतात, राग त्याचा आहे. पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) यकृताच्या पेशी जगवते, म्हणून लिव्हर एन्झाइम्स नॉर्मल येऊ शकतात आणि सगळे गाफील राहतात.

गाईडवायर: मूळ मुद्द्यावर या. पहिल्या एक-दोन आठवड्यांत जोड कच्चा असतो. बलून जरा मोठा पडला की रप्चर, म्हणजे आर्टरी फाटते. कव्हर्ड स्टेंट (आवरण असलेला, गळती बंद करणारा) टेबलावर आणि सर्जन हाकेच्या अंतरावर हवा. आर्टरीला पीळ असेल तर बलून फुगलेला असेतो ती सरळ राहते, काढला की पुन्हा पीळ.

कॅथलॅब: कच्च्या जोडाचं मान्य, नाइलाजाने. पण महिन्याभरानंतरच्या, ४ मिमीच्या सरळ आर्टरीत मी स्टेंटच टाकणार.

गाईडवायर: टाका. पण प्लेटलेट्स ४० हजारांवर घसरून रक्तस्रावाची भीती असताना अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून द्यायची औषधं) दोन्ही कसं चालवणार, ते आधी ठरवा.