मोटरहोममागे टो बारने जीप ओढताना काय तपासावे?

प्रश्न (घाटवाट):
आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. पुढच्या महिन्यात मोटरहोममागे (आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीमागे) टो बारने, म्हणजे जोडणाऱ्या दांड्यांनी, आमची ऑटोमॅटिक जीप रँग्लर, चारही चाके रस्त्यावर ठेवून, आय-80 ने डोनर खिंडीतून रीनोला न्यायची आहे. जीपचे वजन सुमारे 4,300 पौंड आहे आणि हिचवर (मोटरहोमच्या मागच्या जोडणीवर) 5,000 पौंडांची मर्यादा लिहिली आहे. एवढे पुरेसे आहे का?

प्रतिसाद (काटा):
नाही. मोटरहोम आणि मागची गाडी मिळून किती वजन चालेल, हे चासीच्या कंपनीने वेगळे ठरवलेले असते. त्यातून पाणी, इंधन, सामान आणि माणसे यांसह भरलेल्या मोटरहोमचे वजन वजा करावे आणि ही बाकी व हिचवरचा आकडा यांपैकी जो लहान असेल, तोच खरा मानावा. तिथे आय-80 चा माथा 7,239 फुटांवर आहे; पलीकडच्या उतारावर जीप मागून रेटत राहते, म्हणून तिचे स्वतःचे ब्रेक लावणारी पूरक यंत्रणा हवीच. टो बार जवळजवळ आडवा राहायला हवा. दोन्ही टोकांच्या उंचीत तीन-चार इंचांहून अधिक फरक असल्यास ड्रॉप रिसीव्हर (जोडणीची उंची जुळवणारा तुकडा) बसवावा. कॅलिफोर्नियात गाडी ओढताना वेगमर्यादा ताशी 55 मैल आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रतिसाद (जुना चालक):
माझा अनुभव रिव्हर्सचा आहे. एका अरुंद गॅस स्टेशनात शिरलो, पुढे वाट नव्हती, म्हणून जेमतेम चार फूट मागे घेतले. तेवढ्यात जीपची पुढची चाके आपोआप पूर्ण वळली आणि बारचा एक दांडा वाकला. जीप सोडवायला गेलो, तर ताणामुळे पिनही निघेना. आता कितीही घाई असली तरी आधी जीप सोडवतो, मगच मागे घेतो.

ट्रान्सफर केस (इंजिनची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा भाग) न्यूट्रलमध्ये खरोखर गेला आहे का, हेही पाहावे. सपाट जागी इंजिन चालू ठेवून आधी रिव्हर्स, मग ड्राइव्ह टाकावा आणि ब्रेकवरून पाय हळूच उचलावा. जीप जागची हलता कामा नये. त्यानंतरच, मॅन्युअलमधल्या क्रमाने, गिअर पार्कमध्ये ठेवून हँडब्रेक सोडावा.

प्रतिसाद (घाटवाट):
आभारी आहे. सेफ्टी केबल सरळ लावाव्यात की फुलीसारख्या?

प्रतिसाद (काटा):
बारखालून फुलीसारख्या, म्हणजे बार निसटलाच तर त्यांच्यावर झेलला जातो. ब्रेकअवेची तार (जीप सुटलीच तर तिचे ब्रेक लावणारी) मात्र त्यांना न बांधता थेट मोटरहोमच्या सांगाड्याला अडकवावी, आणि वळणावर ती ओढली जाणार नाही इतकी सैल ठेवावी.