मदत हवी आहे : लिथुआनियातील कुलचिन्हावरून घराण्याचा शोध कसा घ्यावा?

नमस्कार.

आमच्या सुनेचे माहेर शिकागोतील लिथुआनियन वस्तीत आहे. तिचे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धापूर्वी लिथुआनियाच्या वायव्येकडील झेमाइतिया प्रांतातून, तेल्शाय गावाच्या परिसरातून, अमेरिकेत आले. नातवासाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ लिहून ठेवावी, असे मी निवृत्तीनंतर ठरवले. आमच्या बाजूची माहिती बरीचशी जुळून आली आहे. व्याह्यांच्या बाजूची मात्र अमेरिकेतील पहिल्या पिढीपाशीच अडली आहे.

त्यांच्याकडे दोन वस्तू आहेत आणि त्या दोन्ही एकमेकींशी विसंगत वाटतात. पहिली म्हणजे शिक्क्याची एक अंगठी. तिच्यावर टोके वर असलेली चंद्रकोर, कोरीवर सहा टोकांचा तारा, त्यावर शिरस्त्राण व मुकुट आणि मुकुटातून वर आलेली मोरपिसे कोरलेली आहेत. हे 'लेलिव्हा' नावाचे कुलचिन्ह आहे, एवढे मला समजले आहे. दुसरी वस्तू म्हणजे १८४० च्या दशकातील एक रशियन कागद, ज्यात या कुटुंबाची नोंद 'ओद्नोद्वोरेत्स', म्हणजे सरदारांहून खालच्या, करदात्या वर्गात केलेली दिसते.

त्यातच कुलचिन्हे छापून विकणाऱ्या एका दुकानाने व्याह्यांना एक सुबक प्रमाणपत्र दिले आहे. आपण १४१३ साली लेलिव्हा चिन्ह मिळालेल्या मान्वीदास या सरदाराचे वंशज असून तिश्किएविच हे प्रसिद्ध उमराव घराणे आपल्या भाऊबंदांपैकीच आहे, असे त्यात लिहिलेले आहे. व्याही ते चौकटीत घालून दिवाणखान्यात लावणार आहेत. त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याची माझी इच्छा नाही, पण वंशावळीत हे लिहावे की नाही, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे, की चिन्ह एकच असल्यामुळे वंशही एकच ठरतो का? अंगठी आणि रशियन कागद यांचा मेळ कसा घालावा? आणि मूळ कागदपत्रे कोठे व कोणत्या भाषेत शोधावीत? कुटुंबाच्या खासगीपणासाठी आडनाव येथे देत नाही.

— नातवाचा_आजोबा

प्रतिसाद १

आजोबा, नमस्कार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. ब्रिटनमध्ये एक चिन्ह एका व्यक्तीचे आणि तिच्या वारसांचे असते, पण पोलंड आणि लिथुआनियाची रीत वेगळी होती. तेथे एकाच चिन्हाखाली परस्परांशी रक्ताचे नाते नसलेली अनेक घराणी नांदत असत. आपल्याकडे गोत्र एक असलेल्या दोन कुटुंबांची वंशावळ जशी कोणी त्यावरून जोडून दाखवत नाही, तसेच हे समजावे.

१४१३ च्या घटनेकडे पाहिले, तर हे अधिक स्पष्ट होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये होरोद्वो येथे पोलंडचा राजा योगाइला आणि लिथुआनियाचा महाराजा व्हितौतास यांच्या उपस्थितीत पोलंड आणि लिथुआनिया यांच्यात करार झाला. तेव्हा पोलंडमधील ४७ सरदार कुळांनी लिथुआनियातील ४७ कॅथलिक सरदारांना आपापल्या चिन्हात सामावून घेतले. म्हणजे चिन्हाची ही देवघेव मुळातच दत्तकाची होती. ती राजकीय मैत्रीच्या पोटी झाली आणि तिचा रक्तसंबंधाशी काही संबंध नव्हता. विल्नियसचा व्हॉयवोड (प्रांताधिकारी) मान्वीदास याला लेलिव्हा मिळाले, ते तार्नोव्स्की कुळाकडून. गोश्ताउतास याला आब्दांक मिळाले आणि आस्तिकास याला तीन शिंगांचे त्रोंबी. ऑर्थोडॉक्स सरदारांना मात्र या करारातून वगळले होते. चिन्हे धारण करण्याची मुभा त्यांना १४३४ च्या सनदेने मिळाली.

आता प्रमाणपत्राविषयी. मान्वीदासाच्या घराण्याची पुरुषशाखा १५ व्या शतकातच खुंटली, त्यामुळे १९ व्या शतकातील कुटुंब त्याचे पुरुषपरंपरेने वंशज असल्याचा दावा टिकणे कठीण आहे. तिश्किएविच घराणे लेलिव्हा वापरते हे खरे; पालांगा येथील त्यांच्या वाड्यात आज अंबराचे (पिवळसर अश्मीभूत राळेचे) संग्रहालय आहे. परंतु ते घराणे मूळचे ऑर्थोडॉक्स रुथेनियन (आजच्या बेलारूस-युक्रेन भागातील), मान्वीदासाच्या वंशातील नव्हे. थोडक्यात, दुकानदाराने एकाच चिन्हाची तीन कुटुंबे एका दोरीत ओवली आहेत. उलट बाजूचे उदाहरणही आहे. राद्झिविल घराणे त्रोंबी चिन्ह वापरते आणि ते खरोखरच आस्तिकासाच्या वंशातील आहे; मात्र ते सिद्ध होते ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या कागदपत्रांमुळे, चिन्हामुळे नव्हे. आणि गोश्ताउतास घराणे १५४२ मध्ये निर्वंश झाले, तरी आब्दांक चिन्ह इतर कुटुंबे वापरतच राहिली.

तेव्हा व्याह्यांना चौकट खुशाल लावू द्या, फक्त त्यातील मजकूर वंशावळीत उतरवू नका.

— जुने_दप्तर

प्रतिसाद २

मी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. अंगठी आणि कागद यांत मला विसंगती दिसत नाही. पोलंड-लिथुआनियाच्या १७९५ च्या फाळणीनंतर लिथुआनियाचा बहुतेक भाग रशियाच्या ताब्यात गेला आणि प्रत्येक सरदार कुटुंबाला आपले सरदारपण कागदोपत्री सिद्ध करावे लागले. त्यासाठी प्रांतिक सरदार सभेपुढे वंशावळ, दाखले आणि चिन्हाचे वर्णन सादर करायचे, आणि अखेरची मंजुरी पीटर्सबर्गमधील सिनेटच्या कुलचिन्ह खात्याने द्यायची, अशी पद्धत होती. झेमाइतियात स्वतःच शेत नांगरणारे, पण सरदार म्हणून मान असलेले छोटे जमीनदार फार होते. जुने दाखले हरवलेले किंवा जळालेले असत, आणि पीटर्सबर्गपर्यंत प्रकरण नेण्याचा खर्च त्यांना झेपत नसे. रशियाविरुद्धच्या १८३० च्या उठावानंतर, ऑक्टोबर १८३१ च्या हुकमाने, सिद्धता न झालेल्यांपैकी खेड्यांतील कुटुंबे 'ओद्नोद्वोरेत्स' वर्गात आणि शहरांतील कुटुंबे 'नागरिक' वर्गात टाकण्यात आली. तुमच्या कागदातील नोंद हा बहुधा याच कारवाईचा परिणाम असावा. तो वर्ग १८६८ मध्ये रद्द करण्यात आला.

एक सावधगिरीची सूचना : सिद्धतेच्या प्रकरणांत बनावट दाखलेही पुष्कळ दाखल झाले होते. म्हणून फाइलमधील वंशावळीतील सर्वांत जुन्या पिढ्या जशाच्या तशा मान्य करू नयेत.

शोधाची सुरुवात अंगठीपासून न करता आडनाव आणि गाव यांपासून करावी. चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू नोंदवह्या प्रथम पाहाव्यात. त्यांपैकी पुष्कळ 'एपाव्हेल्दास' या लिथुआनियन संकेतस्थळावर पाहता येतात. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोलिशमध्ये आहेत, १९ व्या शतकाच्या मध्यानंतरच्या रशियनमध्ये. लॅटिन नोंदीत नावाआधी 'नोबिलिस' किंवा 'गेनेरोसुस' असे विशेषण असेल, तर त्या वेळी ते कुटुंब सरदारांत गणले जात होते, असे समजावे; शेतकऱ्यासाठी 'लाबोरिओसुस' लिहीत. त्यानंतर विल्नियसच्या राज्य ऐतिहासिक अभिलेखागारात सरदार सभेची फाइल मागावी. तेल्शाय जिल्हा १८४३ पर्यंत विल्नियस प्रांतात होता आणि त्यानंतर कौनास प्रांतात गेला, म्हणून आधीची प्रकरणे विल्नियस सभेच्या दप्तरात असतात. रशियन नोंदींतील तारखा जुन्या पंचांगाच्या, १९ व्या शतकात आपल्या तारखांहून १२ दिवस मागे, असतात हे ध्यानात ठेवावे.

— तालिका

प्रतिसाद ३

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रशियन कागदात आडनावापुढे एका खेड्याचे नाव आहे आणि ते तेल्शायच्या दक्षिणेस असल्याचे नकाशावरून दिसते. तिथल्या चर्चचे पॅरिश, म्हणजे त्याच्या अखत्यारीतील परिसर, ठरवून १८३१ च्या आधीच्या नोंदी प्रथम पाहाव्यात, असे ठरवतो. आडनावाची पोलिश आणि लिथुआनियन रूपे वेगवेगळी असतात असे वाचले आहे. एकाच कुटुंबाच्या नोंदी दोन्ही रूपांत शोधाव्या लागतील का?

— नातवाचा_आजोबा

प्रतिसाद ४

हो, दोन्ही रूपांत शोधाव्यात. जुन्या वह्यांत पोलिश रूपच सापडण्याची शक्यता अधिक आहे. राद्झिविल आणि राद्विला, तिश्किएविच आणि तिश्केविचिउस, अशा जोड्या तुमच्या आडनावाच्याही असतील. शिवाय लिथुआनियनमध्ये विवाहित स्त्रीच्या आडनावाला 'येने' आणि अविवाहितेच्या आडनावाला 'आइते' किंवा 'ईते' असे शेवट लागतात, म्हणून पणजीची नोंद पणजोबांच्या आडनावाखाली जशीच्या तशी सापडेलच असे नाही. पॅरिश निश्चित झाल्यावर वर्षांची मर्यादा येथे कळवा, रशियन पाने वाचायला मी मदत करेन.

— तालिका