घटस्फोटानंतरच्या प्रेमाची हलकीफुलकी कादंबरी: सुरुवात जड होतेय, दुरुस्ती कुठून करावी? (प्रश्न आणि त्यावरची उत्तरं; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कच्चा खर्डा:
कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण आहे, ७८,००० शब्द. नायिका ३८ वर्षांची, घटस्फोटाला दोन वर्षं झालेली, नऊ वर्षांची मुलगी आठवड्यातले तीन दिवस वडिलांकडे असते. प्रेमकथा विनोदी हवी आहे, पण पहिली तीन प्रकरणं (सुमारे ११,००० शब्द) संसार कसा मोडला हे सांगण्यातच संपतात. नायक येतो थेट १९,००० शब्दांवर. त्याआधी अॅपवर जुळलेल्या पाच फसलेल्या डेट्स आहेत. एकेक सुटी वाचली तर हसू येतं, सलग वाचल्या की कंटाळा. माजी नवरा पार खलनायक झालाय. शेवटाआधीचा दुरावाही पटत नाही. आधी काय हातात घ्यावं?

समासातली नोंद:
आधी नायकाचा प्रवेश. या प्रकारात तो पहिल्या दहा टक्क्यांत दिसायला हवा, म्हणजे तुमच्या खर्ड्यात ८,००० शब्दांच्या आत. तो प्रेमिक म्हणूनच यायला हवा असं नाही. एखाद्या कामात आडवा येणारा माणूस म्हणून आला तरी चालेल, पण वाचकाच्या मनात त्याची जागा राखून ठेवा. १९,००० शब्दांपर्यंत वाचक नायकाविना राहिला, तर तो पाच डेट्सपैकी एखाद्यालाच नायक मानून बसतो आणि तो गेला की हिरमुसतो.

मग ते ११,००० शब्द उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. कादंबरी अशा दिवशी सुरू करा, ज्या दिवशी तिच्या आताच्या घडीत काहीतरी बदलतं. जुन्या फाइलमधले १,५०० शब्दांहून जास्त परत आणू नका, आणि तेही तुकड्यांत. सुरुवातीला फक्त वस्तुस्थिती, म्हणजे दोन वर्षं झाली, मुलगी आहे, तीन दिवस तिकडे असते. मोडण्याचं कारण एक तृतीयांशाच्या आसपास, एखाद्या संवादात ओघाने. आणि त्यात तिचा स्वतःचा वाटा किती होता, हे मध्यानंतर, तिने नायकाला सांगताना. हा शेवटचा तुकडा राखून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. तो आधीच खर्ची पडला तर मध्यभागी दोघांना जवळ आणायला हातात काही उरत नाही.

पाच डेट्सच्या तीन करा, प्रत्येकी १,२०० ते १,५०० शब्द. त्या कंटाळवाण्या होतात, कारण पाचही ठिकाणी विनोद एकच असणार: समोरचा विचित्र आहे आणि ही सोसते आहे. तिसऱ्या वेळी वाचक ओळखतो की हाही जाणार. गंमत तिच्यातून काढा. ती काय लपवते आहे ते आधी ठरवा. समजा, पहिल्याच भेटीत मुलीचा विषय काढायचा नाही असं तिने ठरवलंय. पैसे काढायला पर्स उघडते आणि मुलीचा काल पडलेला दुधाचा दात टेबलावर पडतो. आता समोरचा अगदी साधा, सभ्य माणूस असला तरी प्रसंग चालतो, उलट जास्त चालतो. पहिली डेट तिच्या लपवण्यामुळे फसू दे, दुसरी संसारातल्या जुन्या सवयीमुळे (न विचारता दोघांसाठी मागवून टाकणं वगैरे), आणि तिसरी चांगली जात असताना ती स्वतःच पळ काढू दे. मग या तीन डेट्स ही तीन पावलं होतात, एकीची जागा दुसरीला देता येत नाही.

अॅपवरच्या गप्पा पानावर उतरवताना एका वेळी पाचसहा ओळी पुरे. त्यापेक्षा तिने लिहून खोडलेला निरोप दाखवा.

पूर्णविरामाआधी:
माजी नवऱ्याबद्दल. तो दुष्ट असला की वाचक लगेच विचारतो, मग हिने लग्न का केलं? आणि नायिका बावळट ठरते. त्याला आजही उपयोगी पडणारा एक गुण द्या. तो वेळेचा पक्का असेल, किंवा मुलीच्या आजारपणात शांत राहणारा. त्याचे पाचसहा प्रसंग पुरतात आणि प्रत्येकात काहीतरी काम हवं: मुलीला आणणं-सोडणं, शाळेचा फॉर्म, सुट्ट्यांची वाटणी. भावनेवर बोलायला दोघं समोरासमोर बसली की विनोदी कादंबरी थबकते.

दुसऱ्या टोकाचा धोकाही आहे. माजी नवरा फार लोभस झाला तर वाचक त्यांनाच पुन्हा एकत्र आणू पाहतो. ही ओढ जुनी आहे. स्टॅन्ली कॅव्हेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये १९३४ ते १९४९ मधल्या सात हॉलिवूडपटांवर लिहिताना पुनर्विवाहाची विनोदिका असा प्रकारच वेगळा काढला. त्यात दुरावलेलं किंवा विभक्त झालेलं जोडपं एकमेकांकडे परत येतं. तुमची वाट उलटी आहे, म्हणून वाचकाला ती लवकर दाखवा. माजी नवऱ्यासमोर ती जुन्या भूमिकेत शिरते: आवाज उतरतो, त्याचं वाक्य ती पूर्ण करते. नायकासमोर तसं होत नाही. हा फरक दोनदा दिसला की कुणीही पुन्हा मांडामांड मागत नाही.

तू की तुम्ही:
एक मराठीपुरता मुद्दा. चाळिशीच्या आसपासची दोन अनोळखी माणसं ‘तुम्ही’पासून सुरू करतात. ‘तू’ कुठे येतो ते आधी ठरवून ठेवा. तो पहिल्या स्पर्शाइतकाच मोलाचा क्षण आहे. चुकून तोंडून निघावा, मग दोघांनी पुढची चार वाक्यं कर्ताच टाळून बोलावं. अनेक खर्ड्यांत हा बदल दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत होऊन जातो. माजी नवऱ्याशी ‘तू’ पहिल्यापासूनच, म्हणजे फरक कानाला कळतो.

समासातली नोंद:
दुराव्याचं राहिलं. एका फोनने मिटेल असा गैरसमज असेल तर तो काढाच. तिला घटस्फोटातून लागलेली एकच भीती निवडा. समजा, ‘मी पुन्हा कुणाच्या तरी वेळापत्रकात विरघळून जाईन.’ ती २० टक्क्यांवर सहज उच्चारली जावी, मध्यावर खोटी ठरल्यासारखी वाटावी आणि ७५ टक्क्यांवर खरी होताना दिसावी. म्हणजे नायकाने काही वाईट करायची गरज नाही. तो तिला न विचारता, प्रेमाने, तिच्या मोकळ्या तीन दिवसांचा बेत आखून टाकतो. भांडण तिथेच पेटतं, आणि दोघांचंही बरोबर वाटतं.

समेटही त्याच भीतीला उत्तर देणारा हवा. चारचौघांत गुडघा टेकणं इथे उलट धसका देईल. शेवटी लग्न हवंच असंही नाही. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेच्या व्याख्येत दोनच अटी आहेत: प्रेमकथा केंद्रस्थानी, आणि शेवट समाधान देणारा, आशावादी.

कच्चा खर्डा:
भीती सापडली, जवळपास हीच आहे. मुलगी आणि नायक यांची भेट सध्या सहाव्या प्रकरणात, २४,००० शब्दांवर आहे. लवकर होतेय का?

पूर्णविरामाआधी:
हो. मध्यावर न्या, ३९,००० च्या आसपास. भेट झाली की नातं गंभीर ठरतं आणि हलक्या प्रसंगांची मोकळीक जाते. मुलीला शहाणी मध्यस्थ करू नका. नऊ वर्षांच्या मुलीला न्यायाची फिकीर असते: कुणाला किती, कोणाची पाळी, आधी काय ठरलं होतं. तिचे प्रश्न त्यातून येऊ द्या. आणि हलवाहलव करण्याआधी कथेतल्या सगळ्या आठवड्यांचा तक्ता मांडून मुलगी कोणत्या दिवशी कुठे आहे ते लिहा. प्रसंग पुढेमागे झाले की वडिलांकडे असलेली मुलगी सकाळी आईसमोर दूध पिताना सापडते.