विषय: जर्मन ए-१ परीक्षेचं ह्योरेन (ऐकण्याचा भाग), बायको नागपूरला अडकलीय

नमस्कार मंडळी, बायको अजून नागपूरलाच आहे, स्पाउस व्हिसासाठी गोएथे संस्थेची ए-१ (जर्मन भाषेची पहिली पातळी) द्यायची आहे. वाचणं-लिहिणं होऊन राहिलं पण ह्योरेनमध्ये सगळं डोक्यावरून जाते म्हणते. कोणी तिकडून तयारी केली असेल तर सांगा ना.

उत्तर:
दादा, मी नागपूरच्या प्रतापनगरला घरीच तयारी केली अन् परीक्षा पुण्याला मॅक्सम्युलर भवनात (गोएथेचंच केंद्र) दिली. वहिनीला सांगा टेन्शन नको, एकूण १०० पैकी ६० लागतात, त्या १०० मध्ये ह्योरेनचे २५च. पण ऑडिओ सुरू व्हायच्या आधी प्रश्न वाचून घ्यायचे म्हणजे घ्यायचेच, किंमत विचारली की वेळ की जागा हे माहीत असलं की कान तेवढंच पकडतो, बाकीचं जाऊ द्यायचं. पहिल्या भागात चित्रं असतात अन् लबाडी अशी की बरेचदा तिन्ही चित्रांतलं काहीतरी कानावर पडतेच, आधी एक किंमत सांगतात मग म्हणतात नाही नाही सेलमध्ये स्वस्त आहे, म्हणून पहिला आकडा ऐकला की लगेच खूण नाही करायची. पहिला अन् तिसरा भाग दोनदा ऐकवतात. मधला, स्टेशन-दुकानातल्या अनाउन्समेंटचा, एकदाच! चारच प्रश्न, चूक की बरोबर. एखादा सुटला तर अंदाजानं खूण करून पुढे, त्याच्याच मागे बसलं तर पुढचाही जाते. निगेटिव्ह मार्किंग नाही. अन् हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात बरं का, साडेआठ नाही. फोन नंबरमध्ये त्स्वायच्या (दोनच्या) जागी त्स्वो म्हणतात, तेही कानाला सवय हवी.

उत्तर:
ताईचं बरोबर आहे, फक्त इयरफोन लावून सराव नको. परीक्षेत बरेचदा स्पीकर असतो, आवाज घुमतो. घरी कूलर चालू ठेवून मोबाइल टेबलावर ठेवायचा अन् ऐकायचं. गोएथेच्या साइटवर नमुना पेपर ऑडिओसकट फुकट आहेत, ते आधी. जर्मन सिरीज बघून ए-१ होते हे मला काही पटत नाही.

उत्तर:
धन्यवाद ताई, काका. तिला फॉरवर्ड केलं. ती विचारून राहिली, रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी पुण्याला उतरून डायरेक्ट पेपरला गेलं तर चालते का?

उत्तर:
नको बाप्पा! गाडी लेट झाली तर? अन् रात्रभर डब्यात झोप नाही झाली तर तो एकदाच ऐकवायचा भाग तसाच निघून जाईल. आदल्या दिवशीच पोचा म्हणावं. अन् पासपोर्ट घरी नको विसरू म्हणा.