सहावीला निवासी शाळा: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-204 (वहिनी): नमस्कार. पुतण्या पाचवीत आहे, त्याला पुढच्या वर्षी निवासी शाळेत घालायचं घरात चाललंय. नवोदय, सैनिक स्कूल की खासगी? आणि सोबत काय द्यायचं? तो इथं सोलापुरातच शाळेला जातो.

ए-101 (सर): वहिनी, शहरात जातो हे आधी सांगितलंत ते बरं केलंत. आपल्या जिल्ह्याचं नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. सहावीला 80 जागा, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांच्या. तिसरी, चौथी आणि पाचवी पूर्ण गावच्या शाळेत झाली असेल तरच मूल ग्रामीण धरतात. मधे एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं तरी शहरी. उरलेल्या जागा गुणवत्तेवर आणि त्यातही गावची मुलं असतातच. म्हणजे वीसेक जागांसाठी अख्ख्या जिल्ह्याशी गाठ. ऐनवेळी मामाच्या गावी नाव घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कागद तपासताना प्रवेश जातो.

ए-101 (सर): परीक्षा 80 प्रश्नांची, 100 गुण, दोन तास. निम्मे प्रश्न आकृत्यांचे म्हणजे मानसिक क्षमतेचे. शाळेत हा विषय नसतो, म्हणून वर्गात पहिली येणारी मुलंही इथंच अडकतात. सहावीची परीक्षा एकदाच देता येते, तेव्हा तयारी आत्तापासून. राहणं-जेवण मोफत. नववीपासून महिन्याला 600 रुपये विकास निधी, तोही मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना माफ.

बी-204 (वहिनी): आणि साताऱ्याचं सैनिक स्कूल?

ए-101 (सर): 1961 चं, देशातलं पहिलं सैनिक स्कूल. सहावीसाठी प्रवेशाच्या वर्षी 31 मार्चला वय 10 ते 12 हवं. पेपर मराठीतून देता येतो, 300 गुणांचा, त्यात एकट्या गणिताचे 150. गणित कच्चं असेल तर बाकी तयारी वाया. लेखीनंतर वैद्यकीय तपासणी असते. रंगांधळेपणा, चष्म्याचा नंबर, सपाट तळवे, चालताना गुडघ्याला गुडघा लागणं हे इथंच आधी तपासून घ्या. वर्षभर क्लास लावून शेवटी डोळ्यांवर नापास झालेलं पोर फार खचतं.

सी-303 (डॉक्टर): सरांशी सहमत. रंगांधळेपणाची तपासणी पाच मिनिटांची असते.

बी-402 (अण्णा): खासगी बघताना इमारत बघू नका, संध्याकाळी सात-साडेसातला जा. तेव्हा मुलं जेवत असतात. मुलांच्या ताटात काय उरतंय ते बघा. किती मुलांमागे किती संडास ते स्वतः मोजा. रेक्टर रात्री कुठं झोपतात? मुलांच्या मजल्यावर की आवारातल्या बंगल्यात? सहावीची मुलं दहावीच्या मुलांसोबत एकाच खोलीत नकोत.

ए-101 (सर): अण्णांनी नेमकं विचारलं. मी दोन गोष्टी जोडतो. रात्री खोलीचं दार बाहेरून बंद करतात का? खिडक्यांना गज आणि दाराला बाहेरून कुलूप असेल तर आग लागल्यावर सुटका नाही. अशी शाळा तिथंच सोडा. दुसरं, पहिल्या सहामाहीत मूल परत आणलं तर किती पैसे परत, हे लेखी घ्या. अनामत वेगळी, फी वेगळी, खाऊखर्चाचं खातं वेगळं. तिन्हीचा हिशोब आधी मागा. मूल परत आलं तर इथल्या प्रवेशाची धास्ती नको. आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे.

बी-204 (वहिनी): सामानाचं सांगा ना कुणी. सासूबाई दोन सोलापुरी चादरी आणि चार टॉवेल काढून बसल्यात 🙏

बी-402 (अण्णा): चादर एकच जाड द्या, दुसरी पातळ. साताऱ्याकडं जून ते सप्टेंबर जाड चादर दोन-तीन दिवस वाळत नाही, मग पोरगं ओलसर चादरीत झोपतं. टॉवेलचंही तेच. आपले जाड टर्किश टॉवेल इथल्या उन्हात छान, तिकडं दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतात. तीन पातळ पंचे द्या.

बी-402 (अण्णा): आतले कपडे 10 जोड. धोबी आठवड्यातून एकदा येतो, पावसात दोन दिवस जादा लागतात, एक जोड हरवतो, असा तो हिशोब. मोजे सगळे एकाच रंगाचे, म्हणजे एक हरवला तरी जोडी मोडत नाही. कपड्यांवर नाव घालू नका, शाळा देईल तो नंबर घाला. एका वर्गात एका नावाची तीन मुलं निघतात. स्केचपेन चार धुण्यांत जातो, कॉलरच्या आत आणि कमरपट्टीवर दोऱ्यानं शिवून घ्या. ट्रंक घेण्याआधी पलंगाखालची उंची विचारा. कुलपाची एक किल्ली रेक्टरकडं, एक घरी.

ए-203 (अक्का): खाण्याचं मी सांगते. बाहेरचं चालतं का ते आधी विचारा, काही शाळा गेटवरच ठेवून घेतात. चालत असेल तर कडक भाकरी ज्वारीचीच द्या. बाजरीच्या पिठाला लवकर कडवट वास येतो. पावसाळ्यात भाकरी सादळते, म्हणून एकदम मोठा गठ्ठा नको, आठवड्यापुरती वेगवेगळी बांधा. शेंगाचटणी पाण्याचा हात न लावता कुटलेली, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतात. आणि एकट्यापुरतं देऊ नका. डबा उघडला की शेजारच्या चार पलंगांवरची मुलं येणारच, आणि पहिल्या आठवड्यात त्यातूनच ओळखी होतात.

सी-303 (डॉक्टर): आता आरोग्य. कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस झालेत का बघा. वसतिगृहात एकाला आल्या की झपाट्यानं पसरतात आणि खपल्या वाळेपर्यंत घरी पाठवतात. टायफॉइडची लस, दहाव्या वर्षाचा धनुर्वात-घटसर्पाचा डोस, हेही बघा. गोळ्या ट्रंकेत ठेवू नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नर्सकडं द्या. रात्री अंथरूण ओलं होत असेल तर मेट्रनला नक्की सांगा. लपवलं तर मुलगा रात्रभर जागा राहतो.

सी-303 (डॉक्टर): सगळ्यात जास्त त्रास खरजेचा. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात आणि कमरेवर पुरळ. सुट्टीत घरी आल्यावर एकट्याला मलम लावून परत पाठवलं की महिन्यात पुन्हा सुरू. शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांना आणि घरच्यांनाही एकाच दिवशी उपचार हवा. डॉक्टरांनी पर्मेथ्रिन 5 टक्के दिलं तर मानेखाली सगळ्या अंगाला, नखांच्या कडांनाही, रात्री लावून सकाळी अंघोळ. आठवड्यानं पुन्हा एकदा. अंथरुणं-कपडे गरम पाण्यात. मेडिकलमधली स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका, खाज दबते आणि रोग पसरतो.

बी-204 (वहिनी): बापरे, हे माहीतच नव्हतं. रडला तर काय करायचं? जाऊबाईंना तीच भीती आहे.

ए-101 (सर): रडणारच. पहिले दोन-तीन आठवडे अवघड, रविवारची संध्याकाळ सगळ्यात अवघड. "नाही आवडलं तर लगेच घेऊन येऊ" असं निघताना म्हणू नका, पोरगं मग रोज त्याच दिवसाची वाट बघत बसतं. फोनचा वार ठरलेला असू द्या आणि तो चुकवू नका. "बरं वाटतंय का?" विचारलं की हुंदका येतो. त्यापेक्षा "आज भाजी कसली होती? शेजारच्या पलंगावरचा कुठल्या गावचा?" असं विचारा. घरचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं द्या, अजून 50 पैशांनाच मिळतात.

सी-303 (डॉक्टर): पण रडणं आणि भिणं वेगळं. वजन उतरणं, पूर्वी नसलेलं अंथरूण ओलं होणं, एका ठरावीक माणसाचं नाव निघताच गप्प होणं, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी गाडी काढा. फोनवर रेक्टर शेजारी उभे असतात, म्हणून घरचा एक शब्द ठरवून ठेवा. तो उच्चारला की निघायचं. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घ्या.

ए-203 (अक्का): आणि आजपासून त्याचे मोजे-चड्ड्या त्यालाच धुवू द्या. एका बादलीत दहा मिनिटांत अंघोळ, पानातली भाजी न कुरकुरता. जूनमध्ये तिथं कुणी लाड करणार नाही.

बी-204 (वहिनी): रविवारी जाऊबाई येणार आहेत. सर, तुम्ही घरी आहात का? आकृत्यांचं पुस्तक त्यांना दाखवायचंय.

ए-101 (सर): आहे. दहानंतर या, मुलालाही आणा. तो काय म्हणतो ते अजून कुणी विचारलेलं नाही.